जाडी बरोबर, काच कमी

मी आधी स्टीलच्या बार्ज करायचो आणि मग गोव्यात एका छोट्या एफआरपी यार्डात (काचेचे धागे आणि रेझिन म्हणजे घट्ट होणारं प्लास्टिक, यांच्या बोटी बनवणाऱ्या) आलो, त्यामुळे डोकं स्टीलचंच होतं. प्लेट १० मिमी म्हणजे १० मिमी, गेज लावला की विषय संपला.

१२ मीटरची पॅसेंजर बोट होती. तळाचं लॅमिनेट, म्हणजे रेझिनमध्ये भिजवून एकावर एक चढवलेले काचेचे थर: चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या ६ मॅट (काचेचे सुटे तुकडे दाबलेली चादर) आणि ६०० ग्रॅमचे ४ रोविंग (काचेचं विणलेलं जाड कापड), हिशोबाने जाडी ९.४ मिमी. स्ट्रिंगर म्हणजे तळाला आतून आधार देणाऱ्या लांब पट्ट्या, त्यांच्यामधलं अंतर ३५० मिमी, दाब धरला ४० किलोपास्कल, कडा घट्ट धरलेली प्लेट मानून ताण आला २८ मेगापास्कलच्या आसपास. बाहेरची मॅट साधारण ८५ ला तुटते, त्याच्या निम्म्याच्या आत आहोत म्हणून मी खूश. सुपरवायझरने अल्ट्रासॉनिक गेज फिरवला, सगळीकडे ९.३-९.५. तोही खूश.

मग सी-कॉकसाठी (समुद्राचं पाणी आत घ्यायचा तळाचा व्हॉल्व्ह) होल सॉने तळाला भोक पाडलं आणि आतून ५४ मिमीची चकती निघाली. क्लायंटचा इंजिनिअर म्हणाला, टाकू नका, जाळून बघा. मला वाटलं काय नाटकं आहेत ही, पण गेलो घेऊन एका कॉलेजच्या लॅबमध्ये. जेलकोट (बाहेरचा रंगीत रेझिनचा थर) घासून काढला, वजन ३१ ग्रॅम, ६०० डिग्रीच्या वर भट्टीत ठेवली. रेझिन जळून जातं आणि काच उरते. (वास असा येतो की त्या दिवशी डबा उघडला नाही मी.)

उरली ९.३ ग्रॅम. मला हवी होती ११.७.

जळल्यावर मॅटचा नुसता भुगा होतो पण रोविंग विणलेलं असल्याने कापडासारखं अख्खं उचलता येतं, चिमट्याने एकेक उचललं तर तीनच. चौथं नाहीच. त्या चकतीत एक रोविंग बसतं १.३७ ग्रॅमचं, म्हणजे तिघांचे ४.१, उरले ५.२, आणि एक मॅट १.०३ ची. म्हणजे मॅटही पाचच! जाडी मात्र पूर्ण, कारण मधली जागा रेझिनने भरलेली. काचेचं प्रमाण ३६ टक्के धरलेलं, निघालं ३०.

आणि गंमत अशी की माझं सूत्र अजूनही पास म्हणत होतं, त्याला फक्त जाडी कळते ना. मॅटचा कडकपणा ६-७ हजार मेगापास्कल, रोविंगचा १४ हजारच्या जवळ, नुसत्या रेझिनचा तीनेक हजार, स्टीलचा २ लाखाच्या वर. थराथराने पुन्हा मांडलं तर तळ साधारण १५ टक्क्यांनी मऊ झाला होता. बोट काही लगेच फुटली नसती, पण मंजूर ड्रॉइंगपेक्षा काच एक पंचमांश कमी आणि गोव्यातल्या नद्यांच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यांवर तळ आपटतो तेव्हा धरून ठेवायला रोविंगच लागतं.

यार्डवर येऊन मी लॅमिनेशनच्या मामांवर आवाज चढवला. मालवणकडचे, वीसेक वर्षं रोलर मारतायत. ते शांतपणे म्हणाले, "जाडी पुरी आसा मां सायबानू? तुमीच लिवलास." आणि ड्रॉइंग समोर धरलं. मोठ्या अक्षरात ९.४ मिमी, माझ्याच हातचं, थरांचा तक्ता दुसऱ्या शीटवर, बारीक इंग्रजीत, ती शीट ऑफिसातच. पावसाळ्याची घाई, रोलर कमी फिरला, रेझिन जास्त राहिलं, कॅलिपर ९.४ म्हणाला आणि ते थांबले. त्यांचं काय चुकलं?

सगळा तळ घासून दोन थर वाढवायचे म्हणजे तीन आठवडे गेले असते. ताण अंतराच्या वर्गाने वाढतो, मग अंतरच कमी करू म्हटलं. प्रत्येक दोन स्ट्रिंगरच्या मध्ये फोमवर टोपीसारखा एक जादा स्ट्रिंगर, मोकळं अंतर ३५० चं १५० झालं आणि ताण पाचव्या हिश्श्याच्या आत आला. इंजिन बेडजवळ (इंजिन बसतं तो पाया) जागाच नव्हती, तिथे मात्र घासून थर चढवावे लागले. वजन वाढलं ते वाढलंच, मालकाने तोंड वाकडं केलं.

आता ड्रॉइंगवर जाडी कंसात आणि थरांची संख्या ठळक, मराठीत. मॅट-रोविंग आधीच कापून मोजून ढिगाने देतो, ढीग संपेपर्यंत थांबायचं नाही. पुढच्या बोटीचं भोक पाडलं तेव्हा चकती मामांनीच माझ्या हातात दिली, "जाळून हाडा" (जाळून आणा) म्हणाले.

११.६ ग्रॅम भरली.