पांझरेकाठचा फ्लॅट बघताय? आधी तळघरात उतरा

धुळ्यात देवपूरच्या बाजूला नदीकाठचा महागडा फ्लॅट बघायला गेलेला माणूस थेट बाल्कनीत जाऊन उभा राहतो. शांत गल्ली, समोर पांझरा, खाली चकचकीत लॉबी. पण पहिला अर्धा तास तळघरातल्या पार्किंगला द्या.

पांझरा एरवी कोरडी दिसते, पण वरच्या अंगाला अक्कलपाडा धरण आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये नदीचं पाणी काठच्या वस्तीत शिरलं होतं. तळघरात हे पाणी रॅम्पवरून येण्याआधी गटारातून उलटं येतं. नदीची पातळी पावसाळी नाल्याच्या तोंडाच्या वर गेली की पाणी मागे फिरतं आणि पार्किंगमधल्या जाळीतून वर येतं. म्हणून त्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप हवी. पाणी उपसायच्या खड्ड्यात दोन पंप हवेत, एक चालता, एक राखीव. वॉचमनला फ्लोट (पाणी चढलं की वर तरंगून पंप सुरू करणारा गोळा) हाताने उचलायला सांगा, पंप लगेच सुरू झाला पाहिजे. मीटर पॅनल आणि जनरेटर मात्र तळघरात नकोत. ते बुडाले की पंप बंद, आणि पंप बंद झाला की लिफ्टचा खड्डा भरतो. भिंतीला लोणा लागलेला दिसला, पांढरी पूड बोटाला आली, तर वॉटरप्रूफिंग फसलंय. वरून कितीही रंग मारा, ते झाकत नाही.

कागदांत पूररेषा बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतल्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. निळीच्या आत बांधकाम नकोच. दोन्हींच्या मधे असेल तर जोत्याची उंची लाल रेषेच्या पातळीपेक्षा किती वर आहे ते मंजूर नकाशावर मोजून घ्या. महारेरा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडचा प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तपासा. नोंदणीकृत करार होईपर्यंत १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. कार्पेट एरियात, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेत, बाल्कनी धरत नाहीत, त्यामुळे भावाचा हिशोब कार्पेटवरच करा.

पश्चिमेला अख्खी काचेची भिंत असलेला फ्लॅट, नदी तिकडे दिसत असली तरी, आम्ही घेऊ नका म्हणू. खान्देशातल्या मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. काच दुपारभर तापते आणि एसी रात्री उशिरापर्यंत चालूच राहतो, आणि बिल दमवतं. बाहेरून निदान २ फुटांचा छज्जा हवा, आतल्या पडद्याने काम भागत नाही, कारण ऊन तोवर काच ओलांडून आत आलेलं असतं.

वरच्या मजल्यावर नळाला जोर नसतो. टाकी १० मीटर वर असेल तेव्हा कुठे साधारण १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो. शेवटच्या दोन-तीन मजल्यांना प्रेशर पंप आहे का, हे विचारा.

ताबा घेण्याआधी बाथरूमच्या फरशीतली पाणी जायची जाळी बंद करून दोन इंच पाणी भरा आणि २४ तास तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटचं छत बघा. ओल दिसली तर लेखी कळवा. ताब्यापासून ५ वर्षांत निघालेले बांधकामातले दोष बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचे असतात.