उजेड दिसतोय की रं

आठवीत टेक्निकल घेतलं की अभ्यासातला एक विषय कमी होतो, अशी आमच्या वेळी शाळेत वदंता होती. त्या आशेनं वर्कशॉपात शिरलेल्या पोरांच्या हातात सरांनी कानस दिली, आणि ती काही लवकर सुटली नाही. लोखंडी पट्टीचा एक तुकडा आणि तो घट्ट पकडणारा बेंचवरचा व्हाइस. कडा सरळ करायच्या, कोपरे काटकोनात आणायचे, एवढंच काम. दिवाळीची सुट्टी आली तरी बरेच जण त्याच तुकड्यावर होते आणि तुकडा निम्मा झाला होता.

सर तो घेऊन खिडकीशी जायचे. कडेला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावून डोळ्यांसमोर धरायचे. केसाएवढी फट असली तरी तिच्यातून उजेडाची रेघ दिसते. "उजेड दिसतोय की रं अजून. घास परत." पुढं कारखान्यात व्हर्निअर आला, मायक्रोमीटर आला, पण कड सपाट झाली का हे बघायला मी अजून खिडकीकडेच वळतो.

सरांचं बोलणं मोजकं. कानस पुढं जाताना कापते, मागं दाबून ओढली तर नुसती बोथटते, म्हणून परतताना हात हलका. दातांत कीस अडकू नये म्हणून आधी खडू घासायचा. (वर्गातले खडू कुठं गायब होतात हे तेव्हाच्या मुख्याध्यापकांना कधी कळलं नाही.) नवी कानस आधी पितळेला वापरायची, धार जरा मेली की लोखंडाला, उलटं केलं तर ती पितळेवरून नुसती घसरते. हॅकसॉला पातळ पत्रा कापायचा तर इंचाला 32 दातांचं ब्लेड, जाड सळईला 18 दातांचं.

हत्यारं सगळी जुनी, कुणीतरी मोडीत काढलेली आणि शाळेच्या पदरात पडलेली. व्हाइसचे जबडे झिजलेले, रंध्याची मूठ दुसऱ्याच रंध्याची. त्यामुळेच आम्ही जास्त शिकलो, असं माझं ठाम मत आहे. नवं हत्यार खोक्यातून काढलं की लगेच चालतं. जुनं आधी दुरुस्त करावं लागतं, आणि दुरुस्त करायचं तर ते कापतं कसं, पकडतं कसं, हे कळल्याशिवाय भागत नाही.

पार गुळगुळीत झालेली कानससुद्धा सर टाकू देत नसत. पोलाद उत्तम, कार्बन भरपूर. ती भट्टीत लाल करून राखेत पुरायची आणि सावकाश निवू द्यायची, म्हणजे मऊ पडते. मग ग्राइंडरवर दात पुरते उतरवायचे, कारण एखादी खाच राहिली तर तडा तिथूनच जातो. पटाशीचा आकार आला की पुन्हा लाल करून पाणी द्यायचं, म्हणजे तापलेली पाण्यात बुडवायची. आता ती काचेसारखी, कडक पण ठिसूळ. खरी गंमत यानंतर. एक बाजू पॉलिश पेपरनं चकचकीत करायची आणि मागच्या अंगानं हळूहळू ऊब द्यायची. पोलादावर रंग चालत पुढं येतो: आधी वाळल्या गवतासारखा फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. पिवळा म्हणजे साधारण 230 अंश सेल्सिअस, निळा म्हणजे 300च्या आसपास. लाकूडकामाच्या पटाशीच्या धारेपाशी पिवळा पोचला की ताबडतोब पाण्यात. जरा उशीर झाला की रंग पुढं पळतो आणि धार मऊ पडते. आठ-दहा टाळकी इतकी ओणवी व्हायची की सरांनाच रंग दिसेना, मग सगळ्यांचा उद्धार.

माझी पटाशी आजोबांनी अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली. "पाणी बरं दिलंय," म्हणाले आणि तिला बाभळीचा दांडा स्वतः बसवून दिला. ते किर्लोस्करवाडीला फिटर होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या माळावर कारखाना मांडला, आणि लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी आधी ते नांगर घेईनात, ही गोष्ट आजोबा जणू स्वतः तिथं उभे असल्यासारखी सांगत. प्रत्यक्षात ते कितीतरी वर्षांनी तिथं लागले. त्यांची पेटी पुढं माझ्याकडं आली. हँड ड्रिल, रंधा, हातोड्या, डिव्हायडर, तेलकट फडक्यात गुंडाळलेला गुण्या. खंडेनवमीला तिची पूजा होते, पण आधी तेलपाणी, मग हळदकुंकू, हा त्यांचा दंडक.

धारेचा हात कुठं उपयोगी पडेल सांगता येत नाही. मिरजेत तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार मंडळींचं ते काम संपत आलं तेव्हा त्यांनी भोपळा आणि लाकूड हाती घेतलं. त्या मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं.

माझ्यावर वेळ आली ती ऑगस्ट 2019च्या महापुरात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, कृष्णा गेली 57च्या वर. गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला बुडाला. पाणी उतरल्यावर इलेक्ट्रिक ड्रिल आणि ग्राइंडर भंगारात गेले. पेटीतली हत्यारं चिखलातून काढून धुतली, उन्हात वाळवली, रॉकेल लावून तारेच्या ब्रशनं घासली, तेल दिलं. हँड ड्रिल फिरू लागला. गल्लीत वीज नव्हतीच, त्यामुळं आम्ही दोघं एकदम भाव खाऊन गेलो.

सगळ्यांची दारं फुगून चौकटीत बसेनात. जो तो म्हणे, रंधा मार. मी नको म्हणायचो. ओलं लाकूड आत्ता तासलं तर वाळल्यावर बोटभर फट पडणार. समोरच्या काकू म्हणाल्या, "अरे, पण दार वाळेपर्यंत चोर थांबतील का?" मुद्दा बरोबर होता. मग हँड ड्रिलनं भोकं पाडून घरोघर तात्पुरते कडीकोयंडे बसवले. दसऱ्यापर्यंत बरीचशी दारं आपोआप जागेवर आली, थोडी तासावी लागली.

जुनं म्हणून सगळंच चांगलं, असं मात्र मी म्हणणार नाही. ठोकून ठोकून डोकं फुललेल्या छिन्नीची कपची उडून डोळा जाऊ शकतो. ढिल्या दांड्याची हातोडी तर हातात धरूच नये. आणि नवा ग्राइंडर मी घेतलाच, रोज वापरतो.

शाळेचं वर्कशॉप पुन्हा उघडायचं ठरलं आहे. व्हाइसचे जबडे मी बदलून देतोय. ज्यांच्या माळ्यावर वडिलांची, आजोबांची हत्यारं पडून आहेत त्यांनी भंगारवाल्याआधी आम्हाला विचारावं. बोथट कानशी चालतील, पटाश्या करू. फुललेल्या छिन्न्याही आणा, डोकी घासून देऊ. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिथं असतो. या वेळी आठवीतल्या मुलींनीही नावं दिली आहेत. आमच्या वेळी त्यांना शिवणाच्या तासाला पाठवायचे, ते चूकच होतं. व्हाइसचा जबडा काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला यावा लागतो आणि आपले बेंच त्यांना जरा उंच पडतात. पायाखाली टाकायला जाड फळ्या हव्या आहेत. कुणाकडं असतील तर शाळेच्या कार्यालयात कळवावं.