पिवळी दिसली म्हणून सोनकी नव्हे

साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वराच्या वर रस्त्याकडेला कॉसमॉस माजलाय. हा मेक्सिकोकडचा, बागांसाठी आणलेला आणि आता मोकाट सुटलेला. सप्टेंबरात तो उपटायला गावकरी आणि कॉलेजची मुलं जमली होती. वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून ओळख पटवून देण्याचं काम माझ्याकडे आलं. अडचण अशी की त्याच सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावर, आपली सोनकीही ऐन बहरात होती. लांबून दोन्ही पिवळीधमक. जांभ्यावरच्या बोटभर मातीत तग धरणारी सोनकीच भराभर उपटली गेली, तर आलो कशाला?

"फूल राहू दे, आधी पान बघा," मी सगळ्यांना बजावलं. कॉसमॉसची पानं समोरासमोर आणि खोलवर कातरलेली. सोनकीची एकाआड एक, कडा दातेरी, आणि वरची पानं तर बिनदेठाची, खोडाला बिलगलेली. मग फूल उलटं करायला लावलं. सोनकीच्या फुलाखाली अरुंद हिरव्या छदांची, म्हणजे फुलाला खालून धरणाऱ्या छोट्या पानांची, एक सरळ ओळ असते. कॉसमॉसला दोन, बाहेरची आणि आतली वेगवेगळी.

एका मुलीच्या हातात भिंग दिलं. सोनकीची प्रत्येक 'पाकळी' म्हणजे एक पूर्ण मादी फूल आणि मधल्या पिवळ्या ठिपक्यांतला एकेक ठिपकाही फूलच, हे दिसल्यावर ती भिंग सोडायला तयार होईना. वर्गात चित्र काढून हे कधीच असं पोचत नाही.

बांधाजवळ मात्र तिसरंच पिवळं निघालं. पानं समोरासमोर, पण अखंड. मुलांचे हात पुढे झालेच होते, तेवढ्यात एक मावशी ओरडल्या, "आरं, कारळा हाय त्यो! चटणी खात न्हाईस व्हय?"

फूल उलटं केलं, तर बाहेरून पानांसारखी पाच रुंद छदं. कारळाच. मागच्या वर्षीच्या पिकातलं बी पडून उगवलेला. सोनकीच्या बीला वाऱ्यावर उडायला मऊ पांढरे केस असतात. कारळ्याचं बी काळं, गुळगुळीत, जिथल्या तिथे पडणारं. मावशींना यातलं काही तपासावं लागलं नाही, आणि मला त्या नजरेचं फार मोल वाटतं. पुढची सगळी रांग मी त्यांच्याच हवाली केली. मुलं शंका आली की रोप न उपटता त्यांना हाक मारू लागली.

कासकडचा पट्टा अजून बाकी आहे. कॉसमॉसचं बी पिकायच्या आत तो काढायला हवा. मावशींनी येता रविवार ठरवलाय.