मुंबई–नागपूर : विमान दीड तासाचं, प्रवास साडेपाच तासांचा

मुंबई ते नागपूर हवाई अंतर साधारण 690 किलोमीटर. तिकिटावर दीड तास दिसतो, त्यात विमान हवेत असतं जेमतेम सव्वा तास. पण लग्नाकार्याला निघणाऱ्यांनी बेत आखताना वेळ दारापासून दारापर्यंतचा धरावा.

दिवाळीनंतर आम्ही ठाण्याहून गेलो. विमान दुपारी दीडचं, घर सोडलं साडेदहाला. सामान द्यायची खिडकी विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होते आणि वाटेतल्या गर्दीचा काही नेम नाही, तेव्हा यात काटछाट करू नका. टर्मिनल आदल्या रात्रीच बघून ठेवा. टी-1 पार्ल्याच्या बाजूला, टी-2 सहारला, शिवाय आता नवी मुंबईचाही विमानतळ आहे. तिकिटावर ‘बीओएम’ (मुंबईचा जुना विमानतळ) आहे की ‘एनएमआय’ (नवी मुंबईचा), तेही पाहा. कुलाबा, दादर, बीकेसीकडून येणाऱ्यांना मेट्रो-3 फार सोयीची, तिची टी-1 आणि टी-2 दोन्हींना स्टेशनं आहेत.

दुपारचं विमान असेल तर उजवीकडची खिडकी मागाच. विमान बहुतेकदा समुद्रावर उडून वळसा घेतं आणि थोड्याच वेळात सह्याद्री येतो. माळशेज-हरिश्चंद्रगडाच्या भागात कोकणातली हिरवाई कड्याशी एकदम तुटते आणि वर पठार सुरू होतं. पुढे संभाजीनगरच्या सुमारास दक्षिणेला पैठणचा नाथसागर पसरलेला दिसतो. पावसाळ्यानंतर भरलेला तो एवढा मोठा दिसतो, की शेजारचे काका कितीतरी वेळ खिडकीकडे वाकून बघत होते. सकाळच्या विमानात मात्र या बाजूला ऊन तोंडावर येतं.

नागपूरचं विमानतळ आटोपशीर आहे, बाहेर पडायला वेळ लागत नाही. मेट्रो स्टेशन वर्धा रोडवर, टर्मिनलपासून जरा लांब. हातात एखादीच बॅग असेल तर मेट्रोने सीताबर्डीला जाऊन गाडी बदला. आम्ही सामानामुळे टॅक्सी केली. धरमपेठेत मावशीकडे पोचलो तेव्हा चार वाजत आले होते.

परतीला थोडा जास्त वेळ धरा. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा जोरात असतो, जाताना तो पाठीशी आणि येताना समोरून. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात, आणि गर्दी असली की विमानाला वर घिरट्या घालाव्या लागतात. उतरल्यानंतर लगेच पुढची गाडी पकडायचा बेत ठेवू नका.

समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, जून 2025 पासून भिवंडीजवळच्या आमणे ते नागपूर पूर्ण खुला आहे. चौघं असाल, गाडी चालवायला दोघं असाल आणि वाटेत शिर्डी करायची असेल तर तोच बरा. एकट्याने सलग चालवू नका, सरळ रस्त्यावर डुलकी लागते. लोहमार्गाने 837 किलोमीटर पडतात, पण संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसमध्ये झोपलात की सकाळी नागपूर. आईवडिलांना घेऊन जायचं असेल आणि आरक्षण मिळत असेल, तर मी ही गाडीच सुचवेन. विमान घ्यावं ते अर्धा दिवस खरोखर वाचवायचा असेल तेव्हा.