तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लूजच्या रेकॉर्ड कुठून घ्यायला सुरुवात करावी?

घरी पहिल्यांदा आलेला माणूस रेकॉर्डच्या कपाटापुढे थोडा वेळ उभा राहतो, दोन-चार कव्हरं काढून पाहतो आणि मग विचारतो, "ब्लूज ऐकायचंय मला. कुठल्या रेकॉर्ड घेऊ? पाचच सांगा." ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय माणसांचं गाणं. हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की आता उत्तर लिहूनच ठेवतो. नेमक्या पाच होतील असं वचन मात्र देत नाही.

बहुतेक याद्या एकट्याने गाणाऱ्या-वाजवणाऱ्या रॉबर्ट जॉन्सनपासून सुरू होतात. तो थोर आहे आणि त्याच्याकडे मी येणारच आहे. पण नव्या कानाने तिथून सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे. ज्या रेकॉर्डवर गाणाऱ्याला उत्तर देणारं कुणीतरी ऐकू येतं, ती आधी घ्या. ब्लूजच्या बांधणीतच ही जागा राखलेली असते. चार-चार मात्रांचे बारा खंड, त्यांत तीन ओळी. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसरीत तिचा निकाल लावायचा. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार खंड येतात, पण गाणारा साधारण दोनच वापरतो. उरलेले दोन तो मोकळे सोडतो, आणि तिथे गिटार बोलते, माउथ ऑर्गन बोलतो, नाहीतर समोर बसलेली माणसं बोलतात. एकदा या मोकळ्या जागा कानाला सापडल्या की सगळं ब्लूज उलगडायला लागतं.

मला त्या सापडल्या गायक-गिटारवादक बी. बी. किंगच्या 'लाइव्ह अॅट द रीगल'मध्ये. रत्नागिरीत आमच्या शेजारचा एक दादा बोटीवर नोकरीला होता. सुट्टीवर येताना तो कॅसेटी आणायचा, त्यांत ही होती. शिकागोच्या रीगल थिएटरात २१ नोव्हेंबर १९६४ रोजी झालेला हा कार्यक्रम, रेकॉर्ड आली १९६५ साली. जेमतेम पस्तीस मिनिटांची आहे. मी ओटीवर टेपरेकॉर्डर लावून बसलो होतो. वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे. ते आतून बाहेर आले, खांबाला टेकून दोन गाणी ऐकली आणि म्हणाले, "अरे, हा गातो तेव्हा वाजवत नाही, लक्षात आलं का तुझ्या? गळा थांबला की मग हात बोलतो." इंग्रजीचा एक शब्द न कळता त्यांना जे कळलं, ते पुढे मी अनेक ठिकाणी छापलेलं वाचलं. किंग स्वतःही सांगत असे की गाणं आणि वाजवणं त्याला एका वेळी जमत नाही. त्याच्या गिटारचं नाव ल्युसील. दोघं आळीपाळीने बोलतात.

त्यात तिसरा आवाज लोकांचा. 'हाउ ब्लू कॅन यू गेट' या गाण्यात नवरा बायकोला आपण काय काय दिलं ते ऐकवतो आणि ती प्रत्येक वस्तूला नाक कसं मुरडते तेही सांगतो. शेवटी म्हणतो, मी तुला सात मुलं दिली, आता तू तीही परत करायला निघालीस! त्या ओळीवर थिएटर असं उसळतं की बँड क्षणभर त्या आवाजाखाली बुडून जातो. आपल्याकडे बैठकीत समेवर दाद येते, तशीच ही दाद आहे. फक्त इथे ती गाण्याचाच भाग होऊन रेकॉर्डवर उतरलीय. पहिली रेकॉर्ड ही घ्या.

दुसरी, ज्युनियर वेल्सची 'हूडू मॅन ब्लूज', १९६५, डेलमार्क कंपनीची. ही का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. ब्लूजचा जन्म एलपीसाठी, म्हणजे बराच वेळ चालणाऱ्या मोठ्या रेकॉर्डसाठी, झालेला नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन मिनिटं मावायची, पुढे ४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्ड आल्या. तोवरचं जे जे आपण आज 'अल्बम' म्हणून विकत घेतो, ते बहुतेक नंतर कुणीतरी गोळा केलेलं असतं. 'हूडू मॅन ब्लूज' मात्र एलपी म्हणूनच ठरवून केलेली आहे. शिकागोच्या दक्षिण भागातल्या क्लबात रात्री जसं वाजतं, तसं चौघांनी स्टुडिओत वाजवलंय. माउथ ऑर्गन आणि गळा वेल्सचा, गिटार बडी गाय या वादकाची. घाई नाही, आरडाओरड नाही. वेल्स कुजबुजतो, जीभ टाळ्याला लावून आवाज काढतो, आणि गाय दोन सुरांत उत्तर देऊन गप्प बसतो. मध्येच गायचा अँप्लिफायर बिघडला, तेव्हा गिटार ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरला जोडून काम भागवलं. त्या गाण्यांत गिटार पाण्याखालून आल्यासारखी वाटते, ती त्यामुळे. गाय दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध असेल म्हणून पहिल्या छपाईत त्याचं नाव 'फ्रेंडली चॅप' असं छापलं होतं.

तो फ्रेंडली चॅप २०११ साली मुंबईत आला. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव त्या वर्षी सुरू झाला, तेव्हा बडी गाय पंचाहत्तरीकडे झुकलेले होते. ज्यांना प्रत्यक्ष ऐकता येईल असं कधी वाटलं नव्हतं, ते पुढ्यात उभे होते. वाजवता वाजवता एकदम आवाज इतका खाली आणायचा की माणसं श्वास रोखतात, ही त्यांची जुनी खुबी. ती 'हूडू मॅन'मध्ये तेव्हाच पूर्ण तयार आहे, हे घरी येऊन रेकॉर्ड लावल्यावर पुन्हा कळलं.

मडी वॉटर्सची एकच घ्यायची असेल तर 'द बेस्ट ऑफ मडी वॉटर्स', १९५८. 'बेस्ट ऑफ' या शब्दांना मी एरवी बिचकतो, पण ही बारा गाणी म्हणजे एक अख्खं स्थलांतर आहे. १९४१ साली अॅलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे संशोधक अमेरिकेच्या संसद ग्रंथालयासाठी मिसिसिपीत हिंडत होते. क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर त्यांनी एका शेतमजुराची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि त्याला ती ऐकवली. आपण रेकॉर्डवर कसे ऐकू येतो ते त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तो शेतमजूर म्हणजेच मडी. १९४३ साली तो शिकागोला गेला. १९१० ते १९७० या काळात दक्षिणेतून सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेली, त्यांतलाच तो एक. शहरातल्या दारूच्या गुत्त्यांत साधी गिटार कुणाला ऐकू जाणार? म्हणून वीज आली. माउथ ऑर्गनसुद्धा लिटल वॉल्टरने मायक्रोफोन ओंजळीत धरून वाजवला आणि त्या खेळण्याएवढ्या वाद्याचा आवाज सॅक्सोफोनएवढा झाला. 'हूची कूची मॅन'मध्ये सगळा बँड एक ठोका देऊन थांबतो, मडी एकटाच ओळ म्हणतो, पुन्हा ठोका. गाणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला अख्खा बँड हुंकार देतोय असं वाटतं. 'रोलिन' स्टोन' हे १९५०चं गाणंही यातच आहे. इंग्लंडच्या पोरांनी आपल्या बँडला 'रोलिंग स्टोन्स' हे नाव घेतलं ते त्यावरून.

हाउलिन वुल्फची १९६२ची, कव्हरवर झुलत्या खुर्चीचं चित्र असलेली रेकॉर्डही याच काळातली आणि मडीच्याच चेस कंपनीची. मडी पचला की ती आणा. त्या आवाजाबद्दल लिहून काही उपयोग नाही.

आता एक गोष्ट मला मनापासून खटकते. ब्लूजच्या याद्यांत बायका नसतात, असल्या तर शेवटी एखादी. वास्तविक ब्लूज तबकडीवर आलं तेच बायकांच्या गळ्यातून. मेमी स्मिथने १० ऑगस्ट १९२० रोजी 'क्रेझी ब्लूज' गायलं, ते तुफान खपलं, तेव्हा कंपन्यांना कळलं की कृष्णवर्णीय माणसंही रेकॉर्ड विकत घेतात. पुरुष गिटारवादकांच्या मागे कंपन्या लागल्या त्या नंतर. म्हणून बेसी स्मिथ संग्रहात हवीच. कोणताही नीट काढलेला संग्रह चालेल, फक्त त्यात जानेवारी १९२५चं 'सेंट लुई ब्लूज' आहे ना ते पाहा. बेसीची ओळ संपते न संपते तोच लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटच्या जातीचं छोटं वाद्य, तिला उत्तर देतो. प्रत्येक ओळीला वेगळं. कधी समजूत घालतो, कधी नुसतंच हं म्हणतो. आणि मागे सूर धरून आहे हार्मोनियम, संगीत नाटकांतल्या पायपेटीच्या जातीचा. वडील असते तर हे त्यांना ऐकवलं असतं.

बेसी १९३७ साली मोटार अपघातात गेली. तिच्या कबरीवर १९७० पर्यंत दगडसुद्धा नव्हता. गायिका जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसीच्या घरची फरशी पुसलेली ह्वानिटा ग्रीन, या दोघींनी पैसे घालून तो बसवला. बेसी ऐकताना ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

एवढं ऐकून झालं की रॉबर्ट जॉन्सनकडे या. १९३६ साली सॅन अँटोनिओत आणि १९३७ साली डॅलसमध्ये त्याने २९ गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी तो मेला. 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स' हा पहिला संग्रह १९६१चा, पूर्ण संग्रह १९९०चा. रस्ते मिळतात त्या चौकात त्याने सैतानाला आत्मा विकला ही दंतकथा सगळे सांगतात. मला ती आवडत नाही. आइक झिमरमन नावाच्या वादकाकडे बसून त्याने हात घासला होता. एवढ्या मेहनतीचं श्रेय सैतानाला का द्यायचं? इथे उत्तर देणारा दुसरा कुणी नाही. एकाच माणसाचा अंगठा खर्जाची तार चालवतोय, बोटं वरच्या तारांवर गळ्याला उत्तर देतायत. रीगलच्या गर्दीतून आलेल्या कानालाच हे एकट्याचं बोलणं पूर्ण ऐकू येतं. म्हणून मी ही रेकॉर्ड मागे ठेवतो.

एकटेपणाचा आणखी एक टप्पा आहे. सन हाउस हा जॉन्सनच्या आधीच्या पिढीचा. १९६४ साली तो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये सापडला, तेव्हा गिटार सोडून त्याला कित्येक वर्षं झाली होती. अॅलन विल्सन नावाच्या कोवळ्या पोराने त्याचीच जुनी गाणी त्याला पुन्हा वाजवून दाखवली, आठवण करून दिली. मग १९६५ साली 'फादर ऑफ फोक ब्लूज' आली. तिच्यातल्या 'ग्रिनिन इन युअर फेस'मध्ये गिटारही नाही. म्हातारा गातोय आणि टाळी वाजवतोय, बस्स. टाळी पुढेमागे होते, तरी कुणी ती दुरुस्त केली नाही हे फार बरं झालं.

ब्लाइंड विली जॉन्सन खरं तर ब्लूजवाला नाही, तो देवाचीच गाणी गायचा. पण डिसेंबर १९२७मध्ये डॅलसला त्याने 'डार्क वॉज द नाइट' ध्वनिमुद्रित केलं, आणि त्यात शब्दच नाहीत. तो नुसता कण्हतो, गुणगुणतो, आणि तारेवरून घसरणारी गिटार तोच सूर मींडेने घेते. गांधार कोमल म्हणावा की शुद्ध, ठरवता येत नाही. तो मधेच कुठेतरी उभा असतो. १९७७ साली व्हॉएजर यानांबरोबर जी सोन्याची तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर हे आहे. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असतं. तबकडीवर केसरबाईंच्या लगेच मागे कोण आहे, ते फार थोड्यांना. तिथे ब्लाइंड विली आहे. दोघांना तीन-साडेतीन मिनिटं. मी घरी कधीकधी दोन्ही त्याच क्रमाने लावतो.

घेताना एवढं पाहा: कव्हरच्या मागे साल, गाव आणि साथीदारांची नावं आहेत का. नसतील तर ठेवून द्या. पुष्कळ स्वस्त संग्रहांत गाजलेली गाणी असतात, पण ती गायकाने वीस वर्षांनी पुन्हा गायलेली.

आणि एक जोडी माझ्यासाठी घ्या. मिसिसिपी जॉन हर्ट या शेतमजुराने १९२८ साली काही गाणी ध्वनिमुद्रित केली. रेकॉर्ड फारशा खपल्या नाहीत आणि तो गावी परत गेला. त्यांतल्या एका गाण्यात त्याने सहज म्हटलं होतं, अॅव्हलॉन माझं गाव, सदा मनात असतं. १९६३ साली टॉम हॉस्किन्स या तरुणाने ती ओळ ऐकून नकाशात अॅव्हलॉन शोधलं, गाडी काढली आणि तिथे जाऊन चौकशी केली. सत्तरीचा हर्ट तिथेच होता. १९२८च्या गाण्यांचा संग्रह घ्या आणि १९६६ची 'टुडे!' घ्या. आधी 'अॅव्हलॉन ब्लूज' लावा, ते संपलं की लगेच 'टुडे!'ची पहिली बाजू. मध्ये दुसरं काही लावू नका.