तुम्ही विचारलंत म्हणून : किमान वेतन मिळते, मग निर्वाह वेतन कशाला?

कंत्राटी कामगारांच्या पगारचिठ्ठ्या मी तपासून देतो, त्यामुळे हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा बऱ्यापैकी पगारदार असतात.

'निर्वाह वेतन', म्हणजे ज्यात कुटुंबाला नीट जगता येईल असा पगार, हा शब्द कामगार संघटनांनी काढलेला नाही, तो संविधानाच्या 43व्या अनुच्छेदातला आहे. मात्र हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मोडत असल्याने त्याच्या आधारे थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. दाद मागता येते ती किमान वेतनासाठी. त्याचा कायदा 1948 साली झाला, पण रक्कम कशी काढायची याचे सूत्र मिळाले 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत, म्हणजे सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्या एकत्र बैठकीत.

ते सूत्र एकदा नीट वाचावे. एकक म्हणजे एका प्रौढ माणसाच्या गरजेचे माप: कमावता पुरुष 1 एकक, पत्नी 0.8 आणि दोन मुले प्रत्येकी 0.6, अशी एका कुटुंबाची बेरीज 3 होते. दर एककामागे 2,700 कॅलरींचा आहार आणि साऱ्या कुटुंबाला वर्षाकाठी 72 वार कापड, म्हणजे माणशी 18 वार, अर्थात दोन नऊवारी लुगडी. शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य आणि म्हातारपण यांसाठी 25 टक्क्यांची भर सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात घातली, तीही 1991 साली. केंद्राने 2020 मध्ये वेतन संहितेच्या, म्हणजे वेतनाचे जुने कायदे एकत्र करणाऱ्या नव्या कायद्याच्या, नियमांचा मसुदा काढला तेव्हा एकके तीनच राहिली. 72 वारांचे तेवढे 66 मीटर झाले.

माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये पुष्कळदा लबाडी सापडते: पगार बँकेत पुरता जमा होतो आणि त्यातले काही पैसे मुकादमाच्या हाती रोख परत द्यावे लागतात. सफाईकाम करणाऱ्या एका बाईंच्या चिठ्ठीत मात्र तसे काहीच नव्हते. मूळ वेतन, विशेष भत्ता, भविष्य निर्वाह निधीची कपात, सारे पैशापर्यंत बरोबर होते. घरी हात निकामी झालेला नवरा, दोन मुले आणि सासू. चिठ्ठी बरोबर आहे म्हटल्यावर त्यांनी विचारले, "मग सासूबाईंच्या गोळ्या कशात धरल्यात?" त्या कशातच धरलेल्या नाहीत, कारण 1957 च्या कुटुंबात सासू नाही.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. राष्ट्रीय तळ वेतन, म्हणजे केंद्राने ठरवलेली वेतनाची सर्वांत खालची पातळी, 2017 पासून रोजी 176 रुपये होते, म्हणजे 26 दिवसांचे 4,576 रुपये. सरकारनेच नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने 2019 साली एकके 3.6 धरली आणि रोजी 375 रुपयांची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्याने केंद्राच्या तळ वेतनाखाली जाण्याची मुभा आता कोणत्याही राज्याला नाही. म्हणून त्या तळ वेतनाच्या आकड्याआधी मला एककांबद्दल भांडायचे आहे: आश्रित आईवडिलांचे, सासूसासऱ्यांचे एकक किती, हे आधी ठरू द्या.