दोर ओढताना गायचं गाणं

स्मरणिकेत आठवणी बाकीचे लिहितीलच. आपल्या वृंदगानातल्या मुलांच्या कामी येईल असं काही द्यावं, म्हणून शिडाच्या जहाजांवरच्या गाण्यांबद्दल लिहितो.

शँटी हे मजुरीचं गाणं. शीड वर चढवताना म्होरक्या एकटा ओळ म्हणतो, तेवढ्यात खलाशी दोरावरची पकड सावरून दम घेतात. उत्तराच्या आखूड ओळीत दोन ठिकाणी जोर पडतो आणि नेमका तिथेच दोर ओढला जातो. जिथे एकच हिसका पुरे, तिथल्या गाण्यात जोर फक्त शेवटच्या शब्दावर. नांगर उचलताना मात्र कॅप्स्टनचे, म्हणजे नांगराचा दोर ओढून घेणाऱ्या उभ्या रहाटाचे, दांडे रेटत गोल चालत राहायचं, म्हणून ती ध्रुपदं लांब आणि चाल सलग.

वृंद चुकतो तो लयीत. गाणं रंगलं की पळायला लागतं. भिजलेलं जड शीड त्या वेगाने वर जाणारच नाही. तालमीला जाड दोर खांबाला बांधा, दहा-बारा जणांच्या हातात द्या आणि ओढत गाऊ द्या. लय आपसूक जागेवर येते. म्होरक्याची ओळ संपता संपताच उत्तर उचललं पाहिजे. मध्ये पोकळी राहिली, तर दोर मागे घसरला समजा!

ओढायला दोर नसतो तेव्हा खरी परीक्षा. जर्मन कवी गटेच्या दोन कवितांवरची बीथोव्हेनची १८१५ची रचना निश्चल समुद्रापासून सुरू होते. ही शांतता सुखाची नव्हे. वारा पडला की शिडाचं जहाज अडकतं आणि पाणी-शिधा संपत जातो. सुरुवातीचे लांब, हलके स्वर धास्तीचे आहेत. हलकं गाताना श्वासाचा आधार सुटतो आणि सूर उतरतो, तेव्हा पोट सैल सोडू नका. पुढे ‘विस्तार’ अशा अर्थाच्या शब्दावर सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाच्या गायिका, एकाएकी वर झेपावतात. त्याआधी सगळ्यांनी मिळून श्वास ओढला, तर श्रोत्यांना आधीच सुगावा लागतो. आदल्या ओळीत आळीपाळीने श्वास घ्या. मग वारा सुटतो, लय द्रुत होते, तो भाग तुलनेने सोपा.

मोठ्या वृंदाला इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्सची समुद्रावरची ‘सी सिम्फनी’ घेता येईल. पहिला प्रयोग इंग्लंडमधल्या लीड्सला, १२ ऑक्टोबर १९१० रोजी. पितळी वाद्यांच्या ललकारीमागोमाग वृंद समुद्राचं नाव घेतो, तेव्हा सूर बी फ्लॅट मायनर या गडद स्वरमेळावरून डी मेजर या उजळ स्वरमेळावर उघडतो. तासाभराहून मोठं काम आहे. तिसऱ्या भागात एकल गायक नाहीत, सगळा भार वृंदावर; पहिल्या भागात आवाज उधळू नका.